गिऱ्हाईक कोणाच्या मालकीचे नसते

लहान दुकानाची वाढ जुने गिऱ्हाईक धरून ठेवण्याने होते, हा सिद्धान्त गेली तीसेक वर्षे व्यवसाय-मार्गदर्शनाच्या पुस्तकांतून, उद्योजकता शिबिरांतून आणि वक्त्यांच्या भाषणांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. त्याचे तीन भाग आहेत. नवे गिऱ्हाईक मिळवायला जुने टिकवण्याच्या पाचपट खर्च येतो, हा पहिला. गळती ५ टक्क्यांनी कमी केली की नफा २५ ते ९५ टक्क्यांनी वाढतो, हा दुसरा. आणि हे सारे साधायचे तर मालकाने आधी स्वतःला बदलावे, 'मानसिकता' मोठी करावी, मग धंदा आपोआप मोठा होतो, हा तिसरा. लातूरचा किराणा दुकानदार असो, डोंबिवलीतला स्टेशनरीवाला असो किंवा सांगलीतला कापडवाला, तिघांनाही हेच ऐकवले जाते. यांतले पहिले दोन भाग त्यांच्या धंद्याला लागू पडत नाहीत. तिसरा भाग ज्या अर्थाने सांगितला जातो त्या अर्थाने खोटा आहे, आणि तिन्हींत तोच सर्वांत जास्त नुकसान करतो.

आधी आकड्याचे मूळ पाहिले पाहिजे. फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांचा एक लेख १९९० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये आला. ग्राहकांची गळती ५ टक्क्यांनी घटली तर काय होईल, याचा हिशेब त्यात निरनिराळ्या सेवा-व्यवसायांसाठी मांडला होता: वाहनदुरुस्तीच्या साखळीसाठी ३० टक्के वाढ, विमा-दलालीसाठी ५०, क्रेडिट कार्डासाठी ७५, बँकेच्या शाखेतील ठेवींसाठी ८५. पुढे वरची मर्यादा ९५ वर गेली आणि आकडा त्याच रूपात रूढ झाला. मूळ लेखात हे टक्के दुकानाच्या वार्षिक नफ्याचे नव्हते. एक सरासरी ग्राहक जितकी वर्षे टिकेल तितक्या वर्षांत त्याच्याकडून मिळणाऱ्या नफ्याचे आजचे मूल्य किती वाढेल, याचे ते होते. शिबिरातल्या पडद्यावर हा फरक कधीच येत नाही. ऐकणारा दुकानदार समजतो की यंदा दोन लाख सुटले, तर पुढच्या वर्षी चार सुटतील.

'फक्त ५ टक्के' हे शब्दही फसवे आहेत. ज्या धंद्यातून दर वर्षी १० टक्के ग्राहक जातात तिथे सरासरी ग्राहक १० वर्षे टिकतो. गळती ५ टक्क्यांवर आणली की तो २० वर्षे टिकतो. म्हणजे ज्याला किरकोळ सुधारणा म्हटले जाते ती प्रत्यक्षात गळती निम्म्यावर आणण्याची गोष्ट आहे. ग्राहक दुप्पट काळ टिकला तर त्याचे मूल्य भरपूर वाढणारच. ते सिद्ध करायला संशोधन लागत नाही. अवघड प्रश्न गळती निम्मी कशी करायची आणि त्याला खर्च किती येईल हा आहे, आणि त्याचे उत्तर या आकड्यात नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. क्रेडिट कार्ड, विमा, बँकेतली ठेव, या करारावर चालणाऱ्या गोष्टी आहेत. तिथे ग्राहक एक तर आहे किंवा गेला. किराणा दुकानाला असा दरवाजा नाही. एकच कुटुंब महिन्याचा भरणा मोठ्या बाजारातून आणते, मधल्या खेपा कोपऱ्यावरच्या दुकानातून करते, लोणच्याचा मसाला ठरलेल्या मसालेवाल्याकडून घेते आणि रात्री दूध संपले तर जे शटर उघडे असेल तिथे जाते. यांतल्या कोणत्याही दुकानदाराला ते 'सोडून' गेलेले नसते आणि कोणाला वाहिलेलेही नसते. अशा गिऱ्हाइकाची गळती मोजायची कशी, हेच मुळात ठरत नाही. जे मोजता येत नाही ते ५ टक्क्यांनी कमी करण्याचा सल्ला देऊन मार्गदर्शक मोकळे होतात.

जुना ग्राहक जास्त नफा का देतो, याची कारणेही त्या लेखात दिली होती. ती किराण्याच्या गल्ल्यावर ठेवून एकेक तपासता येतात. पहिले कारण, काळ जाईल तशी त्याची खरेदी वाढते. कार्डावरची उलाढाल माणसाच्या पगाराबरोबर वाढते हे खरे आहे, पण चौघांच्या घराला महिन्याला लागणारी तूरडाळ दहा वर्षांच्या ओळखीने वाढत नाही. मुले शिकायला पुण्याला गेली की उलट कमी होते. दुसरे, जुन्या ग्राहकाला सेवा द्यायला खर्च कमी येतो. किराण्यात नेमके याच्या उलट घडते. सामान घरपोच हवे, पुडा बदलून हवा, पैसे पहिल्या तारखेनंतर, सणाच्या गर्दीत आधी माझी यादी काढा, हे सगळे जुने गिऱ्हाईकच हक्काने सांगते. नवखा माणूस वस्तू मागतो, पैसे देतो आणि जातो. तिसरे कारण, जुना ग्राहक जास्त किंमत द्यायला तयार असतो. भारतात पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त घेणे बेकायदेशीर आहे. तेव्हा ओळख कितीही जुनी असली तरी साबणाच्या वडीवर जास्तीचे काही मिळत नाही. उरते चौथे: जुना ग्राहक चार माणसांना सांगतो. एवढे मात्र खरे आहे आणि लहान गावात त्याला वजनही आहे. पण त्या एका खुंटीवर सगळा सिद्धान्त टांगता येत नाही.

ही शंका केवळ गल्लीतल्या अनुभवावर उभी नाही. त्याच 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये २००२ साली वर्नर राइनार्ट्झ आणि व्ही. कुमार यांनी चार कंपन्यांच्या सुमारे १६,००० ग्राहकांचा चार वर्षांचा अभ्यास मांडला. त्यांतली एक कंपनी फ्रान्समधली किराणा विकणारी होती. ग्राहक किती काळ टिकला आणि त्याच्याकडून किती नफा झाला, यांतला संबंध त्यांना अपेक्षेपेक्षा बराच क्षीण आढळला. जुन्या ग्राहकांना सांभाळणे स्वस्त पडते याचा पुरावा मिळाला नाही. उलट आपण जुने आहोत याची जाणीव असलेले ग्राहक दर कमी करून मागतात, असे दिसले. हा लेखही सहज मिळतो, पण शिबिरात त्याचा उल्लेख होत नाही.

नवे गिऱ्हाईक पाचपट महाग पडते, या वाक्याबद्दल इतकेच म्हणणे पुरे आहे की हे गुणोत्तर धंद्यागणिक बदलते. विमा एजंटाला नव्या पॉलिसीसाठी दहा घरांचे उंबरे झिजवावे लागतात, कमिशनचा मोठा हिस्सा पहिल्याच वर्षी मोजला जातो. तिथे ते खरे असू शकेल. शेजारच्या इमारतीत नवे कुटुंब राहायला येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साखर घ्यायला दुकानात उतरते, तेव्हा त्या नव्या गिऱ्हाइकावर दुकानदाराचा एक रुपयाही खर्च झालेला नसतो.

आता ज्या निष्कर्षाकडे या क्षेत्रातले मार्गदर्शक पाठ फिरवतात त्याकडे वळले पाहिजे. विल्यम मॅकफी या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली एक नमुना नोंदवला: ज्या गोष्टी थोड्यांना माहीत असतात त्या माहीत असणाऱ्यांनाही काहीशा कमीच आवडतात. अँड्र्यू एरेनबर्ग यांनी हाच नमुना बाजारातल्या मालाला लावून पाहिला आणि तो वर्षानुवर्षे, वस्तूमागून वस्तूत, पुन्हा पुन्हा आढळला. लहान ब्रँडला ग्राहक थोडे असतात, आणि ते थोडे ग्राहकही त्याच्याकडे मोठ्या ब्रँडच्या ग्राहकांपेक्षा किंचित कमी वेळा परततात. १९८४ साली एरेनबर्ग यांनी एका सहकाऱ्याबरोबर दुकानांच्या निवडीतही हेच दाखवले. बायरन शार्प यांच्या २०१० सालच्या पुस्तकाने हा निष्कर्ष अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर नेला. त्याचा अर्थ सरळ आहे. थोडेच ग्राहक पण सगळे अत्यंत निष्ठावंत, अशी अवस्था बाजारात क्वचितच आढळते. परत येणे हा ग्राहकसंख्येचा पाठलाग करणारा परिणाम आहे. ग्राहक वाढले की परतण्याचे प्रमाण थोडे वाढते. आधी परतण्याचे प्रमाण वाढवून मग ग्राहक वाढवण्याचा रस्ता जवळजवळ कोणालाच सापडलेला नाही. हे संशोधन बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या आकडेवारीवर झाले आहे आणि बार्शीच्या बाजारपेठेत ते दशांश चिन्हापर्यंत जुळेल असा दावा कोणी करू नये. पण लहान दुकानदाराला 'तुमची हीच मोजकी माणसे धरून बसा' असे सांगणाऱ्याने निदान याचे उत्तर दिले पाहिजे.

निष्ठा-कार्डाचा हिशेब तर पाटीवर करता येईल इतका सोपा आहे. शंभर रुपयांच्या विक्रीत दहा रुपये सुटत असतील आणि कायमच्या गिऱ्हाइकाला ५ टक्के सूट दिली, तर सुटतात पाच. पूर्वीइतकाच नफा हवा असेल तर त्या गिऱ्हाइकाने पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट खरेदी केली पाहिजे. ते करत नाही, कारण घराची गरज तेवढीच असते. शिवाय सूट सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्यालाच मिळते जो तशीही खरेदी करणारच होता. ब्रिटनमधल्या टेस्कोच्या १९९५ सालच्या क्लबकार्डाचे उदाहरण या वेळी हमखास दिले जाते. लक्षावधी कुटुंबांच्या खरेदीची माहिती गोळा करून, तिचा अभ्यास करणारी स्वतंत्र कंपनी हाताशी धरून कोणत्या दुकानात काय ठेवायचे हे टेस्कोने ठरवले. कार्डाचा खरा उपयोग तिथे झाला. दीडशे घरांच्या दुकानदाराला ही माहिती तशीच तोंडपाठ असते. त्याच ब्रिटनमध्ये सेफवे या साखळीने २००० साली आपले कार्ड बंद केले आणि तो पैसा किमती उतरवण्याकडे वळवला, ही हकीकत मात्र सांगितली जात नाही. महाराष्ट्रातले उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. २००२ साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने पॉइंट देणाऱ्या कार्डाच्या बळावर गर्दी जमवली नाही. माल स्वस्त ठेवला, लोक आले.

लहान दुकानात गिऱ्हाईक खरोखर बांधून ठेवणारी एक जुनी व्यवस्था आहे, ती उधारीची वही. शिबिरांत तिचे नाव निघत नाही, कारण ती जुनाट वाटते. पण निष्ठेवर बोलायचे तर तिच्याशिवाय बोलणे अपुरे आहे. गिरणी कामगारांच्या मुंबईत किराण्याचा मोठा व्यवहार महिन्याच्या वहीवर चालत असे आणि हंगामावर पैसा हाती येणाऱ्या गावांत तो आजही चालतो. पगार किंवा पीक येईपर्यंत घर चालवण्याची ताकद ही वही देते, आणि म्हणून ते घर दुसऱ्या दुकानात जात नाही. इथे निष्ठा आहे, पण ती मालकाच्या हसतमुख स्वभावातून आलेली नाही. ती भांडवलातून आलेली आहे. दुकानदाराने आपले पैसे गिऱ्हाइकाच्या घरात महिनाभर बिनव्याजी ठेवले, त्याचा तो मोबदला आहे.

त्याची किंमतही मोठी आहे. डिस्ट्रिब्यूटरचा माणूस आठवड्याला वसुलीला येतो, वहीतले पैसे महिन्याने येतात, आणि मधले अंतर दुकानदाराने कुठून तरी भरायचे असते: पतपेढीच्या कर्जातून, भिशीतून, घरच्या दागिन्यांतून. हजार रुपयांची उधारी बुडाली आणि त्या मालाची खरेदी नऊशेची असली, तर दहा टक्के मार्जिनवर ते नऊशे परत मिळवायला नऊ हजारांची विक्री करावी लागते. वहीत थकलेले गिऱ्हाईक आणखी एक गोष्ट करते: ते रस्ता बदलते. पैसे द्यायचे राहिले म्हणून समोरून जायची लाज वाटते आणि रोखीची खरेदी दुसरीकडे होऊ लागते. म्हणजे बांधून ठेवणारी वहीच शेवटी गिऱ्हाईक तोडते. उधारी द्यावी की नाही, द्यायची तर कोणाला, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हा लहान दुकानाच्या ग्राहकनिष्ठेचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. ज्या मार्गदर्शनात त्याला एक तासही दिला जात नाही ते मार्गदर्शन किराणा दुकानदारासाठी तयार केलेले नाही, असे निःशंकपणे म्हणता येते.

वहीशिवायही खरी निष्ठा उभी राहू शकते, हे मान्य केले पाहिजे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण व्यवस्थेत कुटुंबे गट करून महिन्याचा माल आधी नोंदवतात आणि आलेल्या मालाची वाटणी स्वतःच्या श्रमांनी करतात. अशी कुटुंबे वर्षानुवर्षे टिकतात, कारण त्यांचा त्या व्यवस्थेत हातभार असतो आणि निर्णयात वाटा असतो. ज्याला निष्ठा हवी त्याने एवढे द्यायची तयारी ठेवावी लागते. प्लास्टिकचे कार्ड हा त्याचा पर्याय नव्हे. दुसरे उदाहरण पुण्याच्या चितळे बंधूंचे. भिलवडीत दुधाच्या धंद्यापासून वाढलेल्या या कुटुंबाने १९५० साली पुण्यात मिठाईचे दुकान घातले आणि ते अनेक दशके दुपारी एक ते चार बंद राहत असे. ग्राहक हाच राजा म्हणणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या हे विरुद्ध होते. तरीही रांगा लागल्या, कारण बाकरवडी दर वेळी तशीच मिळत असे. २०१७ साली दुकान दुपारी उघडे राहू लागले. चव आणि दर्जा सांभाळून, शहराच्या बदललेल्या वेळापत्रकाला दिलेले ते उत्तर होते. लोकांना परत आणणारी गोष्ट आधी मालात होती, सोय नंतर आली. मार्गदर्शक हा क्रम उलटा सांगतात.

मग लहान धंद्याने जाहिरात आणि विक्रीसाठी करायचे काय? या प्रश्नाचे खरे उत्तर कंटाळवाणे आहे आणि म्हणून ते कमी विकले जाते. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने परत का गेला, हे शोधायचे. लहान दुकानाचा सर्वांत मोठा तोटा तिथे होतो. केनियाच्या पश्चिम भागातल्या लहान व्यावसायिकांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुट्टे पैसे नसल्यामुळे विक्री हुकणे ही तिथे नित्याची गोष्ट होती आणि त्यापायी बुडणारा नफा एकूण नफ्याच्या ५ ते ८ टक्के भरत होता. उपाय फुकटचा होता: सकाळी दुकान उघडताना पुरेशी चिल्लर घेऊन बसायचे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे सुट्ट्यांच्या बदल्यात गोळ्या-चॉकलेट हातावर ठेवले गेले आणि गिऱ्हाइकाने ते नाइलाजाने घेतले. २०१६ नंतर यूपीआयने हा प्रश्न बराच सोडवला, तोही कोणत्याही निष्ठा-योजनेशिवाय. सुट्ट्यांसारख्याच इतर गोष्टी आहेत. संपलेला माल संध्याकाळी कळणे, तीन महिने हलत नसलेल्या मालात पैसा अडकणे, नवा रहिवासी फलक दिसत नाही म्हणून पुढे निघून जाणे, तराजूचा काटा गिऱ्हाइकाला न दिसणे, दुकान उघडण्याची वेळ रोज वेगळी असणे. यांतली प्रत्येक गोष्ट दुरुस्त केली की जुन्या आणि नव्या दोन्ही गिऱ्हाइकांना सारखाच उपयोग होतो. कोण निष्ठावंत आणि कोण नाही हे ठरवायची गरजच उरत नाही.

तिसरा भाग व्यक्तिमत्त्व विकासाचा. मालक बदलला की धंदा बदलतो, हे वाक्य ऐकायला उमेद देणारे आहे, पण त्याची दुसरी बाजू क्रूर आहे: धंदा बुडाला तर मालकातच काहीतरी कमी होते. रस्ता रुंदीकरणात दुकानाचा पुढचा भाग गेला, बाह्यवळणामुळे एसटी गावात येईनाशी झाली, जागामालकाने भाडे दुप्पट केले, कंपनीने आपला माल थेट मोठ्या साखळीला स्वस्त दिला, आणि अशा दुकानदाराला सांगितले जाते की पहाटे उठा, ध्येय कागदावर लिहा, सकारात्मक बोला. यशस्वी झालेले दहा जण व्यासपीठावर बोलावले जातात. तीच पुस्तके वाचून, तशाच पहाटे उठून ज्यांचे शटर खाली आले ते श्रोत्यांतही नसतात. या हिशेबातून निघणारा निष्कर्ष पुरावा नव्हे. आणि ज्याचा दोष नाही त्याच्या माथी दोष मारणे, तेही त्याच्याकडून फी घेऊन, हे अन्यायाचे आहे.

मानसिकतेच्या बाजूने दिला जाणारा एक पुरावा मात्र भक्कम आहे आणि त्याला बगल देणे बरोबर होणार नाही. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या लोमे शहरात १,५०० लहान व्यावसायिकांचे तीन गट केले गेले. एका गटाला हिशेब, विक्री, मनुष्यबळ अशा पारंपरिक विषयांचे प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचे, तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. पारंपरिक गटाची वाढ ११ टक्के होती आणि ती योगायोगाची नाही असे खात्रीने म्हणता येत नव्हते. मानसिकतेचा पुरस्कार करणाऱ्यांना हा आपला विजय वाटतो. पण त्या वर्गात शिकवले काय, हे पाहिले की चित्र बदलते. शेजारच्यापेक्षा वेगळा माल कोणता ठेवता येईल ते शोधा, अडचण येण्याआधी तिची तयारी करा, पैसा उभा करण्याचे दुसरे मार्ग पाहा, पहिल्या नकारावर थांबू नका आणि हे सगळे आपल्याच धंद्यात लगेच करून दाखवा. त्या गटाने नंतर जास्त नवे माल आणले, जास्त कर्ज उचलले, जास्त भांडवल घातले. बदल कृतीत होता. स्वतःविषयी मोठे बोलायला शिकल्याने नफा वाढला असे त्या अभ्यासात कुठेही नाही.

हिशेबाच्या प्रशिक्षणाचाही असाच अनुभव आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकात सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर जमाखर्च शिकवला आणि दुसऱ्याला मोजके ठोकताळे दिले. त्यांतला मुख्य ठोकताळा असा: धंद्याचे पैसे एका खणात, घरचे दुसऱ्यात, आणि घराने घेतले तर चिठ्ठी टाकायची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ठोकताळ्यांचा गट पुढे गेला. रीतसर जमाखर्चाने फारसा फरक पडला नाही. इथल्या लहान दुकानांत गल्ल्यातून रिक्षाचे भाडे, गॅसचे सिलिंडर आणि शाळेची फी सरळ जाते, आणि महिन्याअखेर धंदा चालतो की घर धंदा खाते हे कळत नाही. मालकाच्या विकासाची सुरुवात या दोन खणांपासून करायला हरकत नव्हती. पण दोन खणांवर तीन दिवसांचे निवासी शिबिर घेता येत नाही.

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात मालकाच्या घडणीचे जे उदाहरण सर्वांत जास्त गिरवले जाते, ते लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. त्याकडेही नीट पाहिले जात नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावात बंधूंबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. अमेरिकन तांत्रिक मासिके वाचून यंत्रविद्या आत्मसात केली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन आणि पैसा दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. १९२० साली सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे मासिकही आरंभी कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठीच होते. या साऱ्या कथेत जिद्द आहे, यात वाद नाही. पण जिद्दीबरोबर शिकलेली विद्या आहे, संस्थानाची जमीन आहे, कर्ज आहे, आणि ज्यांनी पूर्वी कधीच लोखंडी नांगर घेतला नव्हता अशा नव्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचण्याची वर्षानुवर्षांची खटपट आहे. या चार गोष्टी वगळून उरलेली जिद्द तेवढी व्याख्यानात शिल्लक राहते.

काही गोष्टी कितीही शहाण्या मालकाच्या हाताबाहेर असतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांची साखळी विस्कळीत झाली आणि शहरांतली कुटुंबे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे परत आली. वाण्यांनी जोखीम पत्करून दुकाने उघडी ठेवली, याद्या फोनवर घेतल्या, उधारीही दिली. त्या वेळी अनेकांनी लिहिले की हा विश्वास आता कायमचा झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत झटपट घरपोच देणाऱ्या सेवा मुंबई-पुण्यात पसरल्या आणि त्याच कुटुंबांतली बरीच फोनवर बोट ठेवून कांदे-बटाटे मागवू लागली. यात कृतघ्नता शोधणे चुकीचे आहे. टाळेबंदीत ती माल मिळत होता म्हणून आली आणि नंतर माल घरी येत होता म्हणून गेली. वाण्याचेही त्यात काही चुकले नव्हते. त्याच्या विकासात काही उणीव राहिली म्हणून हे झाले नाही.

ही लढत एकट्या दुकानाची नाही, खरेदीच्या ताकदीची आहे. लाखो पेट्या एकदम उचलणाऱ्याला कंपनी जो दर देते तो चार पेट्या घेणाऱ्याला कधीही देणार नाही, मग त्याने कितीही पुस्तके वाचलेली असोत. जर्मनीतल्या किराणा दुकानदारांनी हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असाच ओळखला. १८९८ साली बर्लिनमधल्या काही दुकानदारांनी मिळून माल घ्यायला सहकारी संघ काढला, १९०७ साली अशा संघांचा महासंघ झाला आणि त्यातून एडेका उभी राहिली, जी आज त्या देशातली सर्वांत मोठी किराणा-व्यवस्था आहे. तिच्यातली अनेक दुकाने अजूनही स्वतंत्र मालकांची आहेत. खरेदी, गोदाम आणि वाहतूक एकत्र होते, गल्ला ज्याचा त्याचा राहतो. सहकारी साखर कारखाने, दूध संघ आणि पतपेढ्या उभ्या करणाऱ्या महाराष्ट्रात किराणा दुकानदारांच्या एकत्र खरेदीचे इतके बळकट जाळे नाही. दुकानदारांच्या संघटना आहेत, त्या करांवर आणि परवान्यांवर बोलतात, प्रसंगी बंद पुकारतात. तालुक्यातल्या पन्नास दुकानांनी डाळ, तेल आणि साखर एकत्र उचलण्याचा हिशेब मात्र त्यांच्या बैठकीत क्वचितच मांडला जातो.